फुलांच्या कापडावरचा इतिहास



आज आपण अशा लोकांची गोष्ट ऐकणार आहोत, ज्यांना स्वतःचं राज्य नव्हतं आणि ज्यांच्या भाषेला विसाव्या शतकापर्यंत सगळीकडे चालेल अशी लिपी नव्हती. तरीही आपण कोण, कुठून आलो, वाटेत काय सोसलं, हे ते विसरले नाहीत. त्यातला बराचसा हिशेब त्यांच्या बायकांनी सुई-दोऱ्यानं कापडावर मांडून ठेवला.

या लोकांचं नाव ह्मोंग. दक्षिण चीन, व्हिएतनाम, लाओस आणि थायलंड या देशांच्या उंच डोंगरांत ते राहतात. नकाशावर आपल्या देशाच्या पूर्वेला म्यानमार दिसतो, त्याच्या पलीकडे हा मुलूख लागतो. चीनचं सरकार त्यांना इतर काही जमातींबरोबर 'म्याव' या एकाच नावाखाली मोजतं. २०२०च्या जनगणनेत तिथे म्याव लोक १ कोटी १० लाखांच्या आसपास होते. ह्मोंग हा त्यातला एक गट. लाओसमध्ये २०१५ साली ह्मोंग सुमारे ६ लाख होते, म्हणजे देशातल्या दर शंभर माणसांत नऊ. लाओस आणि थायलंडमध्ये खालच्या सपाटीवरचे लोक त्यांना 'मेओ' म्हणत. हे नाव ह्मोंगांना अपमानाचं वाटतं. दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव कसं टोचतं, हे आपल्यातल्या आदिवासी आणि भटक्या समाजातल्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको.

डोंगरात राहणारे लोक पहिल्यापासून तिथेच असतील, असं आपल्याला सहज वाटतं. ह्मोंगांचं तसं नाही. शेकडो वर्षांत चिनी राज्य दक्षिणेकडे पसरत गेलं. चांगल्या जमिनीवर नवे लोक येऊन बसले, सारा वाढला, आणि हे लोक डोंगर चढत गेले. चीनच्या ग्वेइचौ प्रांतात म्याव लोकांचे मोठे उठाव झाले. एक १७३५ साली, दुसरा १७९५ साली, आणि तिसरा १८५४ साली, तो १८७३ पर्यंत चालला. दर वेळी फौजा आल्या, गावं जळली. त्यातले काही लोक मुलाबाळांसकट आणखी दक्षिणेकडे निघाले. अठराव्या शतकाच्या शेवटापासून आणि पुढे एकोणिसाव्या शतकात ते व्हिएतनाम, लाओस आणि थायलंडच्या डोंगरांत पोचले. खोऱ्यातली भाताची जमीन आधीच दुसऱ्यांची होती. म्हणून यांनी हजार मीटरच्या वरचा, थंड आणि उताराचा मुलूख धरला. रान तोडायचं, जाळायचं, राखेत मका आणि डोंगरी भात पेरायचा, आणि माती दमली की पुढे सरकायचं. आपल्याकडे सह्याद्रीत दळीची शेती करत, तशीच ही.

सतत पुढे सरकणाऱ्या माणसाला सोबत काय नेता येतं? घर नेता येत नाही, शेत नेता येत नाही. अंगावरचं कापड मात्र बरोबर येतं.

हे कापड घरीच तयार व्हायचं. भांगेच्या जातीचं एक उंच झाड असतं. आपण अंबाडीच्या खोडाची साल काढून दोर करतो ना, तसं या झाडाच्या सालीतून सूत निघतं. खोडं कापायची, वाळवायची, साल सोलायची, कांडून मऊ करायची. मग तंतूला तंतू जोडून लांब धागा करायचा. रस्त्यानं चालताना, बाजाराला जाताना, गप्पा मारताना बाईच्या हातात हे जोडकाम चालूच. नंतर पायानं फिरवायच्या चाकावर पीळ द्यायचा, राखेच्या पाण्यात उकळून धागा पांढरा करायचा आणि मागावर विणायचा. विणलेलं कापड खरखरीत असतं. ते लाकडाच्या ओंडक्यावर घालायचं, वर सपाट दगड ठेवायचा, आणि बाईनं त्या दगडावर दोन्ही पाय ठेवून डाव्या-उजव्या अंगाला डोलायचं. असं कितीतरी वेळ डोललं की कापड गुळगुळीत होतं. शेत, चूल, गुरं, पोरं हे सगळं सांभाळून एका घागऱ्याचं कापड व्हायला महिनोन् महिने लागायचे.

मग नक्षी. ह्मोंगांत वेगवेगळे गट आहेत आणि गटागणिक बायकांचा पोशाख वेगळा. एका गटाच्या बायका तांब्याच्या पात्याच्या लेखणीनं वितळलेल्या मेणानं कापडावर रेघा काढतात. मग ते कापड निळीच्या रांजणात पुन्हा पुन्हा बुडवतात. शेवटी गरम पाण्यात मेण वितळून जातं आणि निळ्यावर पांढरी नक्षी उमटते. आपण त्याला बाटिक म्हणतो. या कापडाला शेकडो बारीक चुण्या घालून घागरा होतो. दुसऱ्या गटाच्या बायका दोन रंगांची कापडं एकावर एक ठेवतात, वरचं कापड कात्रीनं कातरून कडा आत मुडपतात आणि इतक्या बारीक टाक्यांनी शिवतात की दोरा दिसत नाही. या सगळ्या कामाला ह्मोंग भाषेत 'पांदाउ' म्हणतात. पां म्हणजे फूल, दाउ म्हणजे कापड. फुलांचं कापड.

या फुलांना नावं आहेत. गोगलगाईच्या पाठीसारखं वेटोळं असतं. त्याचा मधला ठिपका म्हणजे पूर्वज आणि बाहेर फिरत जाणारी रेघ म्हणजे वाढत जाणारं कुटुंब, असं सांगतात. हत्तीचं पाऊल आहे, काकडीचं बी आहे. चीनमधल्या काही म्याव गटांत घागऱ्यावरच्या आडव्या पट्ट्यांना नद्यांची नावं आहेत. पूर्वजांनी पळताना ओलांडलेल्या त्या नद्या.

ह्मोंगांत एक जुनी कथा सांगतात. एके काळी आमच्याकडे पुस्तक होतं. शत्रू मागे लागला, पळताना नदी लागली आणि पुस्तक गेलं. कुणी म्हणतं पाण्यात बुडालं, कुणी म्हणतं जनावरांनी खाल्लं. तेव्हा बायकांनी आठवतील तेवढी अक्षरं घागऱ्यावर भरून लपवली, कारण बाईच्या घागऱ्यावर काय आहे हे शत्रू कशाला बघतोय! ही लोककथा आहे. नक्षी म्हणजे खरोखरची अक्षरं होती, असा पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही. तरी या कथेतून एक गोष्ट कळते. आपला इतिहास कुणी वाचवला, असं ह्मोंगांना विचारलं, तर ते बायकांकडे बोट दाखवतात.

जन्मापासून मरणापर्यंत हे कापड माणसाला धरून असतं. बाळाला पाठीवर बांधायचं कापड भरतकामाचं. बाळाची टोपीही भरतकामाची. आपल्याकडे बाळाची वार पुरतात, तशी तीही पुरतात. मुलाची वार घराच्या मधल्या खांबापाशी, मुलीची आईबापांच्या बिछान्याखाली. त्यांच्या भाषेत वारेला 'सदरा' असाच शब्द आहे, म्हणजे माणसाचा पहिला कपडा. माणूस मेला की जाणकार वाट दाखवायचं गाणं म्हणतो. त्यात मेलेला माणूस ज्या ज्या गावी राहिला त्या गावांची नावं उलट्या क्रमानं येतात, पार जन्मगावापर्यंत. तिथे आत्म्यानं आपला तो पहिला सदरा घ्यायचा आणि मग पूर्वजांकडे जायचं. अंगावर घरच्या सुताचं, भरलेलं कापड असावं लागतं. नाहीतर पूर्वज आपल्याला ओळखणार नाहीत, अशी समजूत आहे. म्हणजे गाणं म्हणणारे बहुतेक पुरुष, पण ओळख पटवणारं कापड बाईच्या हातचं.

आता गोष्ट विसाव्या शतकात येते. तेव्हा लाओस आणि व्हिएतनामवर फ्रान्सचं राज्य होतं. डोंगरातल्या लोकांकडून रोख कर मागितला जाई. उंच, थंड जागी पैसा देणारं पीक एकच होतं, अफू. इथे आपल्या मुलखाचाही एक धागा आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजांनी चीनला जात होती आणि मुंबईचे बडे व्यापारी त्यावर गब्बर झाले होते. चीनमध्ये व्यसन पसरलं, तशी तिथल्या दक्षिणेकडच्या डोंगरांतही अफूची लागवड पसरली. पुढे फ्रेंच सरकारनं अफूचा व्यापार आपल्याच हातात ठेवला. पिकवणारा गरीबच राहिला. करांच्या जाचाला कंटाळून १९१८ ते १९२१ या काळात ह्मोंगांनी फ्रेंचांविरुद्ध मोठा उठाव केला, तोही मोडला गेला.

फ्रेंच गेले, पण डोंगराला शांतता मिळाली नाही. शेजारी व्हिएतनामचं युद्ध पेटलं. लाओसनं तटस्थ राहावं, कुणीही परदेशी फौज तिथे ठेवू नये, असा करार १९६२ साली झाला होता. तरी उत्तर व्हिएतनामचं सैन्य लाओसमधून ये-जा करत राहिलं आणि अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेनं ह्मोंग तरुणांची फौज उभी केली. तिचा सेनापती वांग पाओ हा ह्मोंगच. अमेरिकेतल्या लोकांनाही या युद्धाचा पत्ता नव्हता, म्हणून त्याला 'गुप्त युद्ध' म्हणतात. सगळे ह्मोंग एका बाजूला नव्हते. फायदांग नावाच्या पुढाऱ्याच्या मागे गेलेले ह्मोंग कम्युनिस्टांच्या बाजूनं लढले. म्हणजे एकाच समाजातली माणसं एकमेकांसमोर बंदूक घेऊन उभी राहिली. मोठी माणसं मेली तशी तेरा-चौदा वर्षांची पोरं भरती झाली. शेतं बायकांवर पडली.

१९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेच्या विमानांनी लाओसवर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. हिशेब केला तर नऊ वर्षं, रात्रंदिवस, दर आठ मिनिटांना एक विमानभर बॉम्ब. त्यातले लाखो छोटे बॉम्ब फुटलेच नाहीत, मातीत राहिले. आजही तिथे कुदळ मारताना किंवा पोरं खेळताना स्फोट होतात.

१९७५च्या मे महिन्यात अमेरिकेनं वांग पाओ आणि सुमारे अडीच हजार माणसांना विमानानं हलवलं. हजारो मागे राहिले. सूड घेतला जाईल या भीतीनं ते रानावनातून मेकाँग नदीकडे चालत निघाले. नदीपलीकडे थायलंड होतं. वाटेत सैनिकांना आवाज जाऊ नये म्हणून आयांनी तान्ह्या बाळांना थोडी अफू चाटवली. काही बाळं पुन्हा उठली नाहीत. नदी ओलांडायला ज्यांना नाव मिळाली नाही ते बांबूच्या मोळीला धरून पाण्यात उतरले. कितीतरी जण बुडाले, कितीतरी गोळ्यांनी मेले.

जे वाचले ते थायलंडमधल्या निर्वासितांच्या छावण्यांत आले. त्यातली बान विनाय ही मोठी छावणी १९७५ साली सुरू झाली आणि १९९२ साली बंद झाली. तिथे चाळीस हजारांहून जास्त माणसं दाटीवाटीनं राहिली. शेत नव्हतं, बाहेर जायची मोकळीक नव्हती. पुरुषांना काम नव्हतं. बायकांच्या हातात मात्र सुई होती.

इथे पांदाउचं नवं रूप जन्माला आलं. आतापर्यंत नक्षी होती, आता चित्रं आली. त्याला गोष्टीचं कापड म्हणतात. एका चादरीएवढ्या कापडावर वरच्या कोपऱ्यात डोंगरातलं गाव, मका कांडणारी बाई, कोंबड्या. मग विमानं, जळणारी घरं. मग पाठीवर पोर बांधून चालणारी रांग. मध्ये निळी नदी, त्यात माणसं. पलीकडे काठावर छावणी. आणि शेवटी एका कोपऱ्यात परदेशी जाणारं विमान. चित्रं बऱ्याचदा पुरुष किंवा शाळा शिकलेली पोरं पेन्सिलीनं काढून द्यायची, बायका ती दोऱ्यानं भरायच्या. एकेका माणसाच्या अंगावरचा पोशाख असा भरलेला असतो की तो कोणत्या गटाचा आहे हे ओळखू यावं.

हे कापड विकण्यासाठी होतं. मदत संस्थांमार्फत आणि परदेशी गेलेल्या नातेवाइकांमार्फत ते बाहेर जाऊ लागलं. अनेकींच्या हातात पहिल्यांदाच स्वतःच्या कमाईचा रोख पैसा आला. त्याबरोबर गिऱ्हाइकाची पसंतही आली. लाल, गुलाबी, हिरवा असे झगझगीत रंग नकोत, आमच्या घराच्या भिंतीवर ते शोभत नाहीत, निळा, करडा, तपकिरी वापरा, असं सांगितलं जाऊ लागलं. कापडाखाली इंग्रजीत ओळी भरल्या जाऊ लागल्या, आणि त्या भरणाऱ्या अनेकींना त्या वाचता येत नव्हत्या. कुणाला वाटेल, ही कला बिघडली. आम्हाला तसं सरसकट म्हणवत नाही. त्या पैशावर घरं चालली. आणि ज्या युद्धाबद्दल मोठ्या देशांनी मौन पाळलं, ते युद्ध या बायकांनी परक्या लोकांच्या भिंतीवर नेऊन टांगलं. आज अमेरिकेतल्या संग्रहालयांत ही कापडं जपून ठेवलेली आहेत. पण किती दिवस बसून एक कापड झालं आणि त्याचा दाम कुणी ठरवला, हा प्रश्न राहतोच. आपल्या गटांनी गोधडी, पापड, कशिद्याच्या पिशव्या विकल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

बायकांनी इतिहास जपला, म्हणून समाजानं बायकांना मान दिला, असं मात्र सरळ घडत नाही. ह्मोंगांत कुळ बापाकडून चालतं. एकाच कुळात लग्न चालत नाही. लग्नानंतर बाई आपल्या बापाच्या कुळाचं नाव ठेवते, पण तिचे देव-पितर बदलतात. ती नवऱ्याच्या घरच्या पितरांच्या हवाली होते. म्हणून नवऱ्यानं टाकलं किंवा ती सोडून आली, तर तिला माहेरी पुन्हा घेता येत नसे. तिथल्या पितरांनी तिला सोडलेलं असतं. ती आजारी पडली तर कुणाच्या देवाला साकडं घालायचं, मेली तर कुणाच्या घरातून न्यायचं, असा पेच. थायलंडमधल्या ह्मोंग बायकांनी अलीकडच्या काळात यावर वाट काढली. त्यांनी रीत मोडा असं म्हटलं नाही. कुळांच्या वडीलधाऱ्यांशी त्या बोलत राहिल्या आणि मुलीला माहेरच्या पितरांकडे परत घेण्याचा विधी काही कुळांनी मान्य केला. ज्यांनी आयुष्यभर कुळाची ओळख कापडावर भरली, त्यांना आता कुळात परत यायची वाट मिळू लागली आहे.

छावण्यांतून हजारो ह्मोंग अमेरिकेत गेले. २०१०च्या जनगणनेत तिथे ते सुमारे २ लाख ६० हजार होते, जास्त करून कॅलिफोर्निया, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांत. पहिल्या पिढीला भाषा येत नव्हती, थंडी सोसत नव्हती. पण शेती येत होती. मिनेसोटाच्या सेंट पॉल शहरातल्या भाजीबाजारात ह्मोंग शेतकऱ्यांनी जम बसवला. लाओसमध्ये जन्मलेली आणि लहानपणी निर्वासित म्हणून आलेली मी मुआ ही बाई २००२ साली मिनेसोटाच्या विधिमंडळात निवडून आली. अमेरिकेत राज्याच्या विधिमंडळात पोचलेली ती पहिली ह्मोंग. आणि टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं सुवर्णपदक जिंकणारी सुनीसा ली, तीही सेंट पॉलच्याच ह्मोंग घरातली.

आता नव्या वर्षाच्या सणाला ह्मोंग मुली अंगभर नक्षीचे कपडे आणि चांदीचे दागिने घालून जमतात, तेव्हा त्यातले बरेच कपडे यंत्रावर छापलेले असतात. नक्षी तीच, पण छापील. स्वस्त पडतात, लवकर मिळतात. नोकरी-शाळा करणाऱ्या मुलींना वर्षभर एक घागरा भरत बसायला वेळ कुठून मिळणार? त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण गोगलगाईच्या वेटोळ्याला काय म्हणतात आणि त्याचा अर्थ काय, हे सांगणारी आजी गेली, की ती नक्षी नुसती नक्षी उरते. म्हणून काही ह्मोंग मुली आता आजीसमोर बसून नावं लिहून घेत आहेत. त्यांच्या भाषेला आता लिपी आहे. १९५०नंतर लाओसमध्ये रोमन अक्षरांत ह्मोंग लिहायची पद्धत तयार झाली आणि ती जगभर पसरली. जे आजीला कापडावर ठेवावं लागलं, ते नातीला कापडावर आणि वहीत, दोन्हीकडे ठेवता येतं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं काढा. गटातल्या किंवा शेजारच्या वयस्कर बायांना विचारा, गोधडीच्या टाक्यांना तुमच्याकडे काय नावं होती? चौकटीला, कडेला, मधल्या फुलाला काय म्हणायच्या? गोंदणाच्या ठिपक्यांना काय म्हणायच्या? कुणाच्या लुगड्याचा तुकडा कुणाच्या गोधडीत गेला? नावं जशी उच्चारली तशीच वहीत लिहा, सांगणारीचं नावही लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, ज्यांना येतं त्यांनी लिहावं. विकायला काही शिवत असाल तर आणखी एक आकडा लिहा, त्याला किती दिवस लागले. दाम ठरवायला बसाल तेव्हा तो उपयोगी पडेल.

लिहिलेलं आम्हाला पाठवा. येत्या भागांत ती नावं, सांगणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासह, आम्ही रेडिओवर वाचून दाखवू.